बेगारीच्या टोपल्या

सावरटोल्याच्या बायजाबाईचं नाव मी आधी लिहून टाकतो. शेवटी ठेवलं तर जागा संपली म्हणून संपादकसाहेब नेमकं तेवढंच कापतील, अशी मला भीती वाटते. भीती मला बहुतेक सगळ्याच गोष्टींची वाटते, ते पुढे कळेलच. तर ही बायजाबाई म्हणजे कवडू ढिवराची बायको, तळ्यातले मासे मारून जगणाऱ्या घरातली. माझी नोकरी आज टिकून आहे आणि माझ्याकडून गेलेल्या काही माणसांचे हात आज कामाला लागले आहेत, ते तिच्यामुळे. तिला वाचता येत नाही. मूल गावाच्या बाजूला हा अंक कुणाच्या हाती पडलाच, तर त्याने सावरटोल्याला जाऊन एवढा भाग तिला वाचून दाखवावा. पुढचा नाही दाखवला तरी चालेल. पुढे काय झालं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

संपादकसाहेबांचा प्रश्न असा : व्यवसायोपचार करणाऱ्याच्या अंगी कोणती कौशल्यं असावी लागतात? हे खरं तर मुंबईला विचारायचं. तिथे या विषयाची शाळा निघाली आहे, तिथली माणसं पांढरा कोट घालून याचं उत्तर देतात. संयम, सहानुभूती, निरीक्षण, संभाषणचातुर्य अशी यादी मी एका छापील कागदावर पाहिलेली आहे. मी मराठी सहावीतून शाळा सोडलेला सुताराचा मुलगा. यादीत 'रंधा मारता येणे' कुठे नव्हतं, म्हणून मी तो कागद गुपचूप परत ठेवला.

आधी हे काम काय ते सांगतो, कारण चांद्यात अजूनही लोक मला विचारतात, "तुमी धंदा लावून देता म्हणे?" माणसाचा हात मोडतो किंवा आतली शीर तुटते. डॉक्टर हाड बसवतात, जखम शिवतात आणि हात धुऊन पुढच्या खाटेकडे वळतात. पण जुळलेला हात चालतोच असं नाही. महिनाभर गळ्यात बांधून ठेवला की तो आखडतो, आपलं काम विसरतो. त्याला कामातूनच परत काम आठवून द्यायचं, एवढाच हा उपचार. यात बाटली नाही, सुई नाही, त्यामुळे रोग्यांना यात उपचार दिसत नाही. खोटं कशाला सांगू, मलाही बरेच दिवस दिसला नव्हता.

मी कराडकडचा. चांद्याच्या एका धर्मादाय दवाखान्याला लाकडी साधनं करून देणारा सुतार पाहिजे होता आणि मला घरापासून लांब का होईना, पोट पाहिजे होतं. मी आलो तेव्हा मुंबईहून शिकून आलेल्या एक बाई हा विभाग मांडत होत्या. त्या एकोणीस दिवस राहिल्या. वाघाच्या भीतीने पळाल्या असं गावात सांगतात, पण वाघ बिचारा दवाखान्याकडे कधी फिरकला नव्हता. दोन्ही वेळ भात आणि दोन्ही वेळ ऊन, हे खरं कारण. जाताना एक जाड इंग्रजी पुस्तक तेवढं मागे राहिलं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "तू त्यांचं काम बघत होतास ना? आता तूच चालव."

मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर कराडच्या वाटेला लागावं लागलं असतं.

पुस्तकातलं इंग्रजी मला येत नव्हतं, चित्रं येत होती. चौथ्या-पाचव्या पानावर एक गोरा सोल्जर पट्ट्यापट्ट्याचा पायजमा घालून खाटेवर बसला होता आणि हसत हसत टोपली विणत होता. मी ठरवलं, व्यवसायोपचार म्हणजे टोपली. बांबूला या मुलखात काही तोटा नाही. बल्लारशाच्या आरागिरणीत बोटं गेलेला मजूर आला, त्याला टोपली. अहेरीकडून अस्वलाने खांदा फाडलेला गोंड आला, त्याला टोपली. मोहाच्या झाडावरून पडलेली बाई आली, तिला लहान टोपली. सोल्जर हसत होता, हे कुणी हसत नव्हते, एवढाच फरक होता. मला वाटे, गोऱ्यांना हसायची सवय असेल.

एकच रोगी असा निघाला, की ज्याने टोपलीला सरळ नकार दिला. ते वरोऱ्याकडचे माजी मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार होते, अर्धांगाने डावा हात लुळा पडलेला. रोज सकाळी तासभर या आणि हाताला मेहनत द्या, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी आला. म्हणाला, "मालकाईनं मेहनत कराले मले पाठवलं." तो पंधरा दिवस नेमाने आला, मालकाच्या वतीने त्याने डाव्या हाताने सगळी मेहनत केली आणि मी घाबरून त्याला करू दिली. गड्याच्या हाताला फार गुण आला. मालकांनी पुढे तक्रार केली की या उपचारात काही दम नाही.

मी तेव्हा या गोष्टीवर नुसता हसलो. तिच्यात काय सांगितलेलं आहे ते ओळखलं असतं, तर कवडूचे सहा आठवडे वाचले असते.

कवडू माझ्याकडे आला महाशिवरात्रीच्या सुमाराला. तळ्याच्या तुडुमाचा, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचा दगड सरकून त्याच्या उजव्या हातावर बसला होता. गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कांबी अशा आवळून बांधल्या की उरलेली मोडतोड त्या कांबींनी पुरी केली. डॉक्टरांनी हात शिवला, हाडं बसवली. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट मात्र वाकलं की सरळ व्हायला नको म्हणे.

त्याची अडचण मला पहिल्याच दिवशी समजली होती. वैशाखात तळं आटतं तेव्हा सावरटोल्यातली सगळी ढिवर घरं एका दिवशी मिळून पाण्यात उतरतात. दर घरचा एक माणूस मुखियासमोर आपलं फेकायचं जाळं टाकतो. ज्या घराचं जाळं पाण्यात पडलं त्या घराचा तळ्यात वर्षभराचा हिस्सा. ज्याचं पडलं नाही, त्याने वर्षभर काठावर उभं राहून दुसऱ्यांचे मासे बघायचे. जाळं पुरुषानेच टाकायचं. कवडूला भाऊ नाही आणि दोन्ही मुलीच. मुखियाने दिवस अक्षय्यतृतीयेच्या पुढच्या सोमवारचा धरला होता. आमच्या हाती नऊ आठवडे होते.

"होईन ना मास्तर?" कवडूने विचारलं.

"होईल की," मी म्हणालो आणि त्याच्यापुढे बांबूच्या कामट्या ठेवल्या.

सहा आठवडे तो टोपल्या करत राहिला. इतक्या वाईट टोपल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एकीचं बूड बसत नव्हतं, एक तिरकी, एकीतून हात आरपार जाई. मी रोज वहीत लिहायचो : पकड सैल, बोटांत जोर नाही, सुधारणा नाही. ती वही वाचून डॉक्टरसाहेबांनीही मान हलवली. हा हात आता असाच राहणार, असं आम्ही दोघांनी मिळून जवळजवळ ठरवून टाकलं. कवडूला मात्र 'होईल होईल' सांगत राहिलो. याला सहानुभूती म्हणत असावेत.

बायजाबाई दर बाजाराच्या दिवशी तांदूळ आणि सुकी मासळी घेऊन यायची. सहाव्या आठवड्यात ती पहिल्यांदाच माझ्या खोलीच्या दारात आली. भिंतीशी नवऱ्याच्या टोपल्या रचलेल्या होत्या.

"ह्या यानं केल्या?" तिने विचारलं.

"हो बाई. हातात अजून जोर नाही, म्हणून..."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "जोर नाई? मालगुजाराच्या वाड्यावर बांबूच्या ताट्या बांधाले नेत, तवा बी हा अस्साच बांधे! एक डाव बांधल्या का दुसऱ्या डाव कोणी बोलवेच नाई त्याले. बेगार म्हटली का याचा हात असाच चालते."

कवडू आत कामट्या धरून छताकडे बघत होता.

"काऊन जी, मास्तरले सांगितलं काऊन नाई?" तिने त्याला हटकलं.

"सांगू काय?" तो शांतपणे म्हणाला. "सायबाचा दवाखाना हाये. फुकट दवा देऊन राह्यले, तं बेगार बी घेईनच ना. मी कोठी नाई म्हनलं? करून राह्यलो."

मी ताठ झालो. सहावीपर्यंतचे सगळे मास्तर माझ्या अंगात आले. "बाई, ही बेगार नाही. हा उपचार आहे."

"असन बापा," ती म्हणाली. "मंग ह्या टोपल्या जातेत कोनाच्या घरी?"

दोन टोपल्या डॉक्टरसाहेबांच्या स्वयंपाकघरात कांद्यांना गेल्या होत्या. कंपाउंडरच्या कोंबड्या एकीत निजायच्या. दवाखान्याच्या मंडळाचे एक सभासद आले होते, ते जाताना चार घेऊन गेले आणि 'खूपच छान कार्य' असं शेऱ्याच्या वहीत लिहून गेले. आणि एकीत माझे मळके कपडे होते. ती तर आमच्यापासून पाच हातांवर कोपऱ्यात पडलेली होती. बायजाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सरकारनं बेगार बंद केली म्हनून गावात दवंडी पिटली व्हती," ती म्हणाली. "दवाखान्यात पिटली नाई वाट्टे."

असा मुलूख, जिथे पिढ्यान् पिढ्या वरच्याने सांगितलं की खालच्याने फुकट राबायचं. मालगुजारी जाऊन दोन-तीनच वर्षं झालेली. तिथे मी प्रत्येक रोग्याला कामट्या देऊन 'कर' म्हणत होतो. शहाणी माणसं बेगारीत जे करतात तेच सगळे करत होते. काम इतकं वाईट करायचं, की परत बोलावणं येऊ नये. आणि मी त्या हुशारीला दुबळेपणा समजून रोज वहीत मांडत होतो. कवडूचं पानच नव्हे, माझी सगळी वही खोटी होती. अस्वलाने फाडलेला तो गोंड टोपली ठेवून आपला खाटेच्या दोऱ्या झक्कपैकी आवळायचा, हे मी पाहिलेलं होतं. पाहिलं होतं, पण पुस्तकात खाटेच्या दोऱ्यांचं चित्र नव्हतं.

मी कवडूपुढे सुतळीचा तुकडा टाकला. म्हटलं, "गाठ मार." त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्या 'जोर नसलेल्या' हाताने जाळ्याच्या अशा भराभर गाठी मारल्या की मला बघता बघता लाज वाटली.

"धरता तं येते त्याले," बायजाबाई म्हणाली. "सोडता येत नाई. जाळं टाकताना सारे बोटं एका टायमाले सुटाले पायजे. दोन बोटं मांगून सुटतेत, तं जाळं तिकडंच वढते."

टोपली विणताना माणूस फक्त धरतो. सहा आठवडे मी त्याला जे येत होतं तेच शिकवत होतो, आणि तो तेही करत नव्हता.

पुढच्या बाजाराची वाट न बघता दोन दिवसांत ती जाळं घेऊन परत आली. मी डॉक्टरसाहेबांना भीत भीत सांगितलं की टोपल्या बंद करतो. ते म्हणाले, "बंद? मग कोणी पाहायला आलं तर दाखवायचं काय?" आतून त्यांच्या बाईसाहेबांचाही आवाज आला, आंबे उतरायच्या आत एक मोठी पाहिजे होती. तरी डॉक्टर भले. "तीन आठवडे घे," म्हणाले.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात मी चुन्याने मोठं वर्तुळ आखलं. जाळ्याची दोरी डाव्या मनगटाला, थोडं जाळं कोपरावर, एक काठ दातांत, बाकीचं उजव्या हातात, आणि कमरेतून हिसका देऊन फेकायचं. पहिल्या दिवशी ते धुतलेल्या धोतराच्या बोळ्यासारखं पडलं. खाटांवरचे रोगी उठून बघायला आले. एरवी ज्यांना हलवायला मला शपथा घालाव्या लागत, ते आपल्या पायांनी आले. "कवडूभाऊ, मासा पळाला ना!" असं ओरडायलाही लागले.

मी आपलं डोकं चालवलं. फळीवर लाकडी गोट्या बसवल्या, मी टाळी वाजवली की पाचही बोटांनी एकदम सोडायच्या. ती दोन बोटं सुधारलीच पाहिजेत असा मी हट्टच धरला. आठवडा गेला. बोटं थोडी हलली, जाळं मात्र तसंच बोळा.

बायजाबाई ओसरीवर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "मास्तर, तुले बोटं नीट करा लागतेत का जाळं पाडा लागते?"

"म्हणजे?"

"ते दोन बोटं मांगून सुटतेत ना? तं त्याईले काम देताच कायले? रिकामे राहू दे त्याईले. आंगठा अन् पयलं बोट, बस."

मी म्हणालो, एवढं जाळं दोन बोटांवर पेलणार नाही. ती म्हणाली, "मंग तुया फळीवर ते दोन बोटंच पक्के कर ना." त्या दिवसापासून फळीवर आम्ही चांगल्या बोटांची मेहनत सुरू केली, बायजाबाई ओसरीवरून गिनती मोजायची. आजारी बोटांना सोडून बरी बोटं शिकवायची, हे त्या पुस्तकात असेलही. त्याचं चित्र तरी नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात नागपूरचे साहेब तपासणीला आले. तेव्हा चांदा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला, म्हणून साहेब तिथून यायचे. आता मुंबईहून यायची धमकी असते. साहेब अंगणात शिरले आणि त्याच क्षणी कवडूचं जाळं पहिल्यांदा उघडलं. पुरतं गोल नाही, पण उघडलं, आणि वर्तुळात दाणे टिपणाऱ्या कंपाउंडरच्या कोंबडीवर पडलं. कोंबडीने आकाशपाताळ एक केलं. खाटांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हा विभाग कसला?" साहेबांनी विचारलं.

"व्यवसायोपचार," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"या महिन्यात किती टोपल्या झाल्या?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "टोपल्या नाहीत साहेब. एक कोंबडी."

साहेब हसले नाहीत. 'विभागात शिस्तीचा अभाव' असा शेरा पडला. मी त्या दिवशी ट्रंक भरून ठेवली होती. ती उघडायला मला डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं.

जाळं टाकायच्या सोमवारी मी कवडूबरोबर बैलगाडीने सावरटोल्याला गेलो. डॉक्टरांनी रजा दिली, की मला नजरेआड केलं, ते नक्की सांगता येत नाही. तळं आटून निम्म्यावर आलं होतं. गुडघाभर पाण्यात माणसं ओळीने उभी, काठावर बायका. बायजाबाई दोन्ही मुलींना घेऊन सगळ्यांत पुढे. तिचा चेहरा मी एरवी कधी असा पाहिला नव्हता, त्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

एकेकाचं जाळं गरगरीत गोल उघडून पाण्यावर टेकत होतं. कवडूची पाळी आली. पहिला हिसका चुकला आणि जाळं त्याच्याच खांद्यावर अडकलं. कुणीतरी म्हणालं, "दवाखान्यातून टोपली तं आनाची व्हती, कवडूभाऊ!" सगळं तळं हसलं. माझ्या टोपल्यांची कीर्ती तिथवर पोचली होती.

म्हातारा मुखिया सोमाजी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "आनखी एक डाव टाक," तो म्हणाला.

कवडूने जाळं पिळून घेतलं, सावकाश लावलं. ती दोन बोटं त्याने मुठीत न घेता बाजूला काढली. बायजाबाई ओठांत काहीतरी पुटपुटत होती, तीच फळीवरची गिनती असावी. मग हिसका. जाळं उघडलं आणि लांबोळकं, एका बाजूला दबलेलं, भेंडीच्या पानासारखं वेडंवाकडं पाण्यावर पडलं.

एकजण म्हणाला, "गोल नाई पडलं, मुखियाजी."

सोमाजीने काठीने त्या जागी उठणाऱ्या लाटांकडे खूण केली. "पान्यात पडलं का नाई?" त्याने विचारलं. "पान्यात पडलं का हिस्सा, असंच चालत आलं. गोलच पडाले पायजे म्हनून कोन सांगे? मी तं कधी आयकलं नाई." आणि पुढच्या माणसाला खूण केली.

कवडूचं जाळं आजही गोल पडत नाही. पाच वर्षं झाली. ते सहा आठवडे मी टोपल्यांत घातले नसते तर कदाचित पडलं असतं. दर वैशाखात हे मला आठवतं. आता कुणी रोगी आला की मी त्याला कामट्या देत नाही. आधी विचारतो, तुझा हात घरी काय करतो, ते कुणासाठी करतो, आणि ते करून झाल्यावर वस्तू कोणाच्या घरी जाते. संपादकसाहेब, कौशल्य म्हणतात ते हेच असेल तर असेल. छापील यादीत ते नाही आणि ते मला एका निरक्षर बाईने दारात उभं राहून शिकवलं.

त्या दिवशी परत निघताना बायजाबाईने पानात बांधून एक मरळ मासा दिला. मी म्हणालो, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? सुतार आहे मी. काय पाहिजे सांगा."

तिने काठावर पालथ्या पडलेल्या त्यांच्या डोंग्याकडे बोट केलं. खोड कोरून केलेली ती लहान होडी बुडाला कुजली होती. "असाच एक नवा पायजे," ती म्हणाली.

डोंगा मी अजून केलेला नाही. खोड मिळवायला जंगलखात्याचा परवाना लागतो आणि परवान्याच्या कचेरीत शिरायला मला अजून धीर होत नाही. पण मी तो करणार आहे. पुढच्या वैशाखात नाही तर त्याच्या पुढच्या, पण माझ्या हाताने, सावरटोल्याच्या काठावर बसून. गाडी हलली तेव्हा तिने मागून ओरडून जे सांगितलं होतं, ते मी विसरलेलो नाही :

"मास्तर, करशीन तं मन लावून करजो! बेगार समजून करशीन तं माह्याच नवऱ्याले घिऊन बुडीन तो!"